समुद्राकाठी राहण्याबद्दल नागपूरकर हमखास विचारतात ते प्रश्न

२०१५ साली बँकेनं माझी बदली नागपूरहून थेट वेंगुर्ल्याला केली. तीन वर्षांत परत येऊ म्हणून गेले आणि सात वर्षं राहिले. २०२२मध्ये त्रिमूर्तीनगरात परतले, तेव्हापासून हळदीकुंकवात, लग्नाच्या पंगतीत, अंबाझरीच्या काठावर सकाळी फिरताना तेच ते प्रश्न. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांचा बेत ठरलेला असतो: रिटायर झालो की समुद्राकाठी एक लहानसं घर. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

वेंगुर्लं म्हणजे गोव्यातच ना?

नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे. गोव्याची हद्द तासाभरावर, एवढंच. नगरपरिषद १८७६ची, वस्ती बारा हजारांच्या आसपास. आपल्याकडे एका प्रभागात याहून जास्त माणसं राहतात. बाजारपेठ या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला दहा मिनिटं लागतात, तीही वाटेत कोणी हाक मारली नाही तर.

घरातून समुद्र दिसायचा?

हे उत्तर ऐकून सगळ्यांचा चेहरा उतरतो. दिसत नव्हता, ऐकू यायचा. माझं भाड्याचं घर किनाऱ्यापासून सात-आठ मिनिटांवर होतं आणि मध्ये माडांची बाग. पावसाळ्यात रात्रभर लांबून मालगाडी जात राहावी तसा आवाज. अजनीच्या रुळांजवळ लहानाची मोठी झाले, त्यामुळे मला उलट छान झोप लागायची.

तिथली जुनी घरं नीट पाहा. तोंड रस्त्याकडे, पाठ समुद्राकडे. ओटी, खळं, तुळशीवृंदावन सगळं रस्त्याच्या बाजूला, आणि समुद्र मागच्या दारी, विहिरीच्या आणि माडांच्याही पलीकडे. खारा वारा तोंडावर घेऊन कोण बसणार? समुद्राकडे खिडक्या उघडतात त्या हॉटेलांच्या. आमच्या घरमालकीण काकींना एकदा विचारलं, किनाऱ्यावर शेवटच्या कधी गेला होता? त्यांना आठवावं लागलं. गणपती पोचवायला गेलो होतो, म्हणाल्या. कोणत्या वर्षी, ते काही आठवेना. मला हसू आलं, मग वाटलं, आपण तरी झिरो माइल पाहायला कधी जातो? पाहुणे आले की.

पण याच काकी चुलीपाशी बसून सांगायच्या की वारा आता कुठून सुटलाय आणि उद्या बाजारात मासळी येणार की नाही. समुद्राकाठी राहणं म्हणजे काय, ते मला त्या उत्तरातून कळत गेलं. बघायला तिथे आपल्यासारखेच जातात.

नागपूरसारखा उन्हाळा नसेल, मग तर मजाच ना?

पारा पाहाल तर मजाच. आपल्याकडे मे महिन्यात ४५ होतं तेव्हा तिथे ३३-३४. पण हवा ओली असते. नागपुरात घाम येतो तसा वाळतो, तिथे तो अंगावरच राहतो. सकाळी नऊला बँकेत पोचेपर्यंत ब्लाउज पाठीला चिकटलेला. पहिल्या मे महिन्यात मी नागपूरच्या उन्हाची आठवण काढून रडले आहे, खोटं नाही सांगत.

आणि कूलर. ट्रकमधून सामान नेलं त्यात आमचा लोखंडी टाकीचा, मोठ्या पंख्याचा, पाणी झिरपणाऱ्या नव्या ताटव्यांचा कूलर नेला होता. काकी बघायला आल्या. "ह्या काय? पंखो? मगे पाणी कित्याक व्हया तेका?" मी त्यांना अभिमानानं समजावलं की पाण्याची वाफ होते आणि हवा थंड होते. लावला. तासाभरात भिंतीला ओल, चादर दमट, आणि खोली पहिल्यापेक्षा कोंदट. हवेतच पाणी ठासून भरलेलं असताना ताटव्यावरच्या पाण्याची वाफ होणार कुठून? कूलर ही कोरड्या मुलखाची वस्तू आहे, हे शाळेत विज्ञान शिकूनही कळलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी टाकीला भोकं पडली. तिसऱ्या वर्षी काकींची खुडूक कोंबडी त्यात अंड्यांवर बसली आणि अकरा पिल्लं निघाली.

सगळं गंजतं म्हणतात, ते खरं का?

खरं आहे, आणि वाटतं त्याहून लवकर. वाऱ्यात मीठ असतं आणि ते ओलं असतं. पहिल्यांदा जातात त्या बारीक गोष्टी: सेफ्टी पिना, सायकलची चेन, बिजागऱ्या, गॅसच्या शेगडीचे पाय. स्कूटरचा सायलेन्सर खालून खाल्ला जातो. एसीच्या बाहेरच्या युनिटची जाळी बोटानं दाबली तर भुगा. रात्री टेबलावर ठेवलेली किल्ली सकाळी चिकट लागते. तिथली माणसं खिडक्यांना लाकूड वापरतात, कड्या-कोयंड्यांना पितळ, आणि लोखंड असलंच तर दर दिवाळीला रंग. भाड्यानं घर घ्याल तर आधी गज बघा, मग हॉल.

पावसाळ्यात गंजाचा भाऊ येतो, बुरशी. चपला, पर्स, पट्टा, लग्नाचे अल्बम, सगळ्यावर हिरवट लव. काड्यापेटी पेटत नाही, मीठ पाझरतं. नागपूरहून नेलेलं तिखट फ्रिजमध्ये ठेवायचं, हे मी एक किलो फेकल्यावर शिकले.

पाऊस किती?

आपल्याकडे वर्षाला साधारण अकराशे मिलिमीटर पडतो, तिथे त्याच्या अडीच-तीन पट. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि मग कपडे वाळत नाहीत. वीज जाते. लोक एप्रिल-मेमध्येच लाकडं, शेणी, सुकी मासळी, कोकमं, पापड भरून ठेवतात, आणि माडाच्या झावळ्यांची झडपं विणून पावसाच्या बाजूला बांधतात. मी पहिल्या वर्षी हसले. दुसऱ्या वर्षी मीही बांधून घेतली.

आम्ही शाकाहारी, आमचं कसं होईल?

छान होईल, फक्त तूरडाळीचा हट्ट सोडा. तिथे ताटाचा मालक नारळ. काळ्या वाटाण्यांचं सांबारं आणि आंबोळ्या, घावणे, फणसाची भाजी, केळफूल, अळू. सकाळी उकड्या तांदळाची पेज, लोणच्याची फोड लावून. भाजी मात्र बरीचशी घाट उतरून बेळगावकडून येते, म्हणून आपल्या कॉटन मार्केटसारखा ढीग दिसणार नाही आणि भावही तसा नसेल.

ओल्या काजूंची उसळ खाऊन या, बाकी काही नाही खाल्लं तरी चालेल. फेब्रुवारी ते एप्रिल एवढाच तिचा हंगाम. खाताना महाग का म्हणाल, पण एकदा स्वतः सोलून बघा. हिरवी बी विळीवर मधोमध चिरायची आणि काडीनं गर उचकटून काढायचा. सालीतला चीक बोटाला लागला की कातडी भाजल्यासारखी सोलते. काकी हाताला राख चोळून बसायच्या, तरी महिनाभर त्यांची बोटं काळी. वाटीभर गराला दुपार जाते. मी एकदा हौसेनं बसले आणि दुसऱ्या दिवशी बँकेत सही करताना पेन धरवेना.

सावजी मात्र विसरा. तिथल्या कोंबडी-वड्यांच्या रश्श्याला तिखट म्हणतात. आपण काही बोलू नये, मुकाट्यानं वाढून घ्यावं.

मासे ताजे आणि फुकटात मिळत असतील?

ताजे, हो. स्वस्त, नाही. हे ऐकून इथले मासे खाणारे फार खट्टू होतात. चांगली सुरमई, पापलेट, मोठी कोळंबी बर्फात बसून मुंबईला, गोव्याला जाते. तिचा भाव मोठ्या बाजाराप्रमाणे ठरतो. गावातला माणूस खातो तो बांगडा, तारली, पेडवे, कधी मोरी. त्यातही बांगडा ही खरी रोजची गोष्ट, तिरफळं घालून केलेला.

बाजारात किलोच्या आधी वाटा चालतो. मासेवाली पाच-सहा बांगड्यांचा ढीग पुढे सारते, तो वाटा. घासाघीस करावी, पण हात लावून मागे ठेवू नये. मामा (माजी मालगुजारी) तलावाची रोहू-मरळ खाल्लेली मी, पहिल्यांदा गेले तेव्हा कल्ले उचलायलाही घाबरत होते. आता सांगते: कल्ले लालभडक हवेत, डोळा फुगीर आणि स्वच्छ, पोट दाबून बघितलं तर बोटाचा खड्डा राहता कामा नये. आणि मासेवालीनं स्वतःहून "आज नको नेव, बाय" म्हटलं तर तिच्याकडेच पुढची सात वर्षं जावं.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. माशांची वीण होते आणि समुद्रही खवळलेला. मग खाडीतलं, नदीतलं, नाहीतर सुकं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की होड्या पुन्हा उतरतात. पण होडी उतरली म्हणजे मासळी आली असं नाही. रिकाम्या टोपल्या पालथ्या घालून बसलेल्या बायका मी कितीदा पाहिल्यात. "आज काय गावाक नाय. वारो सुटलो हा." त्या दिवशी अख्ख्या गावात डाळभात, आणि सगळ्यांचा मूड तसाच.

वारा हे एक कारण झालं. दुसरं कारण माणसाचं आहे. किनाऱ्यावरून जाळं टाकून तीस-चाळीस माणसांनी ओढायची ती रापण. जे येईल त्याचे वाटे, ओढणाऱ्या प्रत्येकाला. तिच्यापुढे आता मोठे ट्रॉलर आणि पर्ससीन जाळी आली, थवाच्या थवा एका फेऱ्यात उचलणारी. राज्य सरकारनं फेब्रुवारी २०१६मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, पुढच्या वर्षी केंद्रानं दिवे लावून मासे गोळा करण्यावर बंदी आणली. तरी रात्री क्षितिजावर दिव्यांची रांग दिसायची. पाहुणे तिचे फोटो काढायचे, किती सुंदर म्हणून. आमच्या शाखेत कर्जाचे हप्ते थकवून मान खाली घालून बसणारा रापणकर ती रांग बघून काय म्हणायचा, ते इथे लिहिता येणार नाही.

भरती-ओहोटी कधी, हे कसं कळतं?

कालनिर्णयावरून. म्हणजे तिथीवरून. तिथीच्या आकड्याला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, की पूर्ण भरतीची साधारण वेळ आली. एकादशी असेल तर अकरा त्रिक तेहतीस, भागिले चार, सव्वाआठ. सकाळी सव्वाआठला आणि रात्री साडेआठच्या पुढेमागे. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. रोज पाऊण तासानं वेळ पुढे सरकते, कारण चंद्र तेवढा उशिरा येतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला पाणी मवाळ. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे होतात, पण तिसऱ्या (म्हणजे शिंपले) वेचायला जाणाऱ्या बायकांना घड्याळ लागत नाही.

मला या हिशेबाचं फार अप्रूप. नागपुरात तिथी फक्त उपासाला लागायची.

रोज पोहत असाल!

सात वर्षांत मोजून बारा-पंधरा वेळा. जून ते सप्टेंबर पाण्यात उतरायचंच नाही, आणि एरवीही ओहोटी लागली असताना लांब जायचं नाही, पाणी आत ओढतं. फुटाळ्याच्या काठावर आईस्क्रीम खाल्लंय म्हणून पाण्याची सवय आहे असं समजू नये. स्थानिक माणूस "आज नको" म्हणाला की विषय संपला.

विहिरीला खारं पाणी लागतं का?

किनाऱ्याच्या अगदी जवळ असूनही आमच्या विहिरीचं पाणी गोड होतं. पावसाचं मुरलेलं गोडं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. जोवर कळशीनं शेंदता तोवर ठीक. पंप लावून उपसलं की वरचा थर संपतो आणि खालचं खारं वर सरकतं. आमच्या शेजारी एक रिसॉर्ट झालं, त्याला बोअर आणि तरणतलाव. दुसऱ्या एप्रिलमध्ये काकींचा चहा फाटू लागला. समुद्रापासून पाच मिनिटांवर पोहायला तलाव कशाला लागतो, हा प्रश्न मी अजून कोणाला विचारू शकलेले नाही.

माणसं कशी आहेत? कोकणी माणूस तिरकस म्हणतात.

तिरकस बोलतात, सरळ वागतात. आपल्याकडे "काय करून राहिले, या ना बसा" म्हणून थेट चहा येतो. तिथे आधी चौकशी: कुठले, कोणाचे, पगार किती, नवरा का नाही आला. माझा नवरा नोकरीमुळे नागपुरातच होता, याचं उत्तर मी पहिल्या वर्षी दोनेकशे वेळा दिलं असेल. पण मला ताप आला तेव्हा चार घरांतून पेज आली, आणि ती आणून देणाऱ्या चौघींनाही माझ्या फ्रिजमध्ये काय आहे ते ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी एकत्रच मिळतात, यातली एक निवडता येत नाही.

संध्याकाळी दुकानाच्या फळीवर गजाली चालतात, त्यात तुमचाही विषय होतो. होऊ द्यावा.

देवही सोबतीला असल्यासारखे. शिरोड्याच्या वाटेवर आरवलीचा वेतोबा आहे. लोक त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा. मी तळवे निरखून पाहिले. काय दिसलं ते सांगत नाही, तुम्ही जाऊन बघा.

आजारी पडलं तर?

हा प्रश्न लोक सर्वांत शेवटी विचारतात, विचारायला हवा पहिल्यांदा. सर्दी-ताप, बाळंतपण, साधं हाड गावात होतं. हृदयाचं, मेंदूचं, मोठ्या अपघाताचं काही असेल तर गोव्यात बांबोळी. गोवा मेडिकल कॉलेज म्हणायला कोणाला वेळ नसतो, "बांबोळीक नेला" एवढंच म्हणतात आणि ऐकणारा गप्प होतो. आता सिंधुदुर्गात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय, तरी हे वाक्य अजून कानावर येतं. साठीनंतर घर घेऊ म्हणणाऱ्यांनी मेडिकल चौकापासून आपण किती मिनिटांवर राहतो ते आधी मोजावं.

नागपूरहून जायचं कसं?

वेंगुर्ल्याला रेल्वे नाही. कुडाळ किंवा सावंतवाडी स्टेशनला उतरायचं, पुढे एसटी किंवा रिक्षा. कोकण रेल्वे १९९८मध्ये पूर्ण सुरू झाली. मी वर्षानुवर्षं मुंबईला गाडी बदलून ये-जा केली. आता नागपूर-मडगाव विशेष गाडी भुसावळ-पनवेलमार्गे चालवतात, एका दिवसाहून जास्तच लागतो, पण डबा बदलावा लागत नाही. चिपीचा विमानतळ वेंगुर्ले तालुक्यातच आहे, ऑक्टोबर २०२१चा. पण नागपूरकरांना त्याचा थेट उपयोग नाही. पवनार ते पत्रादेवी असा शक्तिपीठ महामार्ग प्रस्तावित आहे, जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांचा त्याला विरोध आहे. त्यावर घराचा बेत बांधू नका.

जागा घेऊन ठेवावी का?

आधी एक पूर्ण पावसाळा भाड्यानं राहा. डिसेंबरात पाहून कोणी जागा घेऊ नये.

तरीही घ्यायचीच असेल तर सातबारा बघा. एका गुंठ्याला वीस-वीस नावं, निम्मी मुंबईत, दोन हयात नाहीत. सामायिक जमिनीत एकाची सही राहिली की व्यवहार अडकलाच. शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागतं. आणि भरतीरेषेपासून किती अंतरावर बांधता येतं याचे सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे, नियम आहेत, १९९१पासून ते बदलत आलेत आणि गावागणिक वेगळे लागू होतात. "साहेब, आपलं सगळं मॅनेज होतं" म्हणणारा एजंट भेटला की एसटी पकडावी.

वादळाची भीती वाटत नाही?

मे २०२१मध्ये तौक्ते आलं. रविवार होता. माड वाकताना पाहिले होते, मोडताना तेव्हा पाहिले, मधोमध, काकडीसारखे. मग कौलं उडायला लागली. काकी देवघरात आणि मी त्यांच्यामागे, डोक्यावर पाट धरून. बरेच दिवस वीज नव्हती. भीती वाटली, हो.

संध्याकाळी करमत कसं होतं? ना मॉल, ना काही.

डिसेंबरात तिथे सूर्य आपल्यापेक्षा अर्धा तास उशिरा मावळतो. नागपुरात साडेपाचला अंधारून येतं, तिथे बँक आटोपून सहाला निघालं तरी उजेड हाताशी असायचा. तेवढ्यासाठी मी किनाऱ्यावर जायची. एकटीच, कारण गावातलं कोणी येत नव्हतं.

शिवाय जत्रा. कार्तिकापासून गावोगावी सुरू होतात, आणि पालखी झाली की मध्यरात्रीच्या सुमाराला दशावतार. बायकांची कामं पुरुषच करतात. लिहिलेली संहिता नसते, कथानक ठरवून रंगमंचावर उतरतात आणि संवाद तिथल्या तिथे सुचेल तसे. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकांना रात्र जागवलेल्या माणसाला हे लगेच आवडतं. शंकासुराचं सोंग आलं की पोरं किंचाळतात. मी थंडीत पोत्यावर बसून पहाटेपर्यंत पाहिलंय आणि साडेनऊला काउंटर उघडलंय.

परत येताना सामान आणलं ते टिकलं का?

लोखंडाचं आणण्यासारखं काही उरलंच नव्हतं. फणसाच्या फळ्यांचं एक टेबल मात्र हौसेनं करून आणलं, पिवळंधमक. पहिल्या एप्रिलमध्ये, भर दुपारी दारं-खिडक्या बंद करून आम्ही झोपलो होतो आणि हॉलमधून फटाका फुटल्यासारखा आवाज आला. टेबलाला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग. तिकडची ओल प्यायलेलं लाकूड इथल्या कोरड्या हवेत आक्रसलं. सुताराला दाखवलं, तो म्हणाला, "भरून देतो, ताई, पण थांबा जरा." का ते जूनमध्ये कळलं. पाऊस लागला आणि भेग आपोआप निम्मी मिटली. आता दरवर्षी एप्रिलमध्ये तिच्यात विजेचं बिल उभं राहतं, ऑगस्टमध्ये राहत नाही.